अंगठीतील हिऱ्याचा आकार : रत्नशास्त्रापासून साक्षगंधापर्यंत
(विदर्भाच्या विशेष संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास)

सारांश

विवाहनिश्चयाच्या अंगठीत कोणत्या आकाराचा हिरा बसवावा, हा प्रश्न आज वैयक्तिक आवडीचा मानला जातो. इतिहासाच्या दृष्टीने पाहता हिऱ्याचा आकार ठरविण्याचे निकष काळानुसार बदलत गेले. प्राचीन रत्नशास्त्रात निसर्गदत्त लक्षण, मध्ययुगात वजन, आधुनिक युरोपात प्रकाश आणि विसाव्या शतकात बाजारपेठ हे निकष क्रमाने प्रभावी ठरले. प्रस्तुत निबंधात या स्थित्यंतराचा मागोवा वैरागडची हिऱ्यांची खाण, त्र्यंबकेश्वराशी निगडित असलेला 'नासक' हिरा आणि विदर्भातील साक्षगंधाची प्रथा यांच्या आधारे घेतला आहे.

बीजसंज्ञा : हिरा, रत्नशास्त्र, वैरागड, नासक हिरा, पैलू, साक्षगंध.

प्रस्तावना

यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी हा कापूस पिकविणारा तालुका आहे. येथील विवाहनिश्चयाच्या विधीला पश्चिम महाराष्ट्रातील 'साखरपुडा' या नावाऐवजी विदर्भात सर्वत्र रूढ असलेले 'साक्षगंध' हे नाव आहे. या दोन्ही नावांत अंगठीचा निर्देश नाही, ही बाब लक्षणीय आहे. एका नावात साखरेची पुडी आहे, तर दुसऱ्यात साक्ष आणि गंध. वडीलधाऱ्यांच्या व सोयऱ्यांच्या साक्षीने दिलेला शब्द हाच या विधीचा गाभा होता. कुंकू, साडी, ओटी आणि साखर ही त्या शब्दाची चिन्हे होती. वधूवरांनी एकमेकांच्या बोटात अंगठी घालणे हा त्यात पुढे समाविष्ट झालेला भाग होय. प्रथम सोन्याची साधी अंगठी आली, नंतर खड्याची आणि अलीकडच्या दशकांत काही कुटुंबांत हिऱ्याची.

हिऱ्याची अंगठी घ्यावयाची म्हटली की सराफाच्या दुकानात पहिला प्रश्न आकाराचा येतो. गोल, चौकोनी, लंबगोल, बदामी, थेंबासारखा की दोन्ही टोकांना निमुळता, असे पर्याय समोर ठेवले जातात. हे पर्याय जणू निसर्गातच तयार असतात, अशी सर्वसामान्य समजूत असते. वस्तुतः खाणीतून निघालेला हिरा यांपैकी कोणत्याही आकाराचा नसतो. प्रत्येक आकार कोणीतरी, कोणत्यातरी हेतूने, हिऱ्याचा काही भाग घालवून निर्माण केलेला असतो. किती घालवावे आणि कशासाठी घालवावे, या प्रश्नाला निरनिराळ्या काळांनी निरनिराळी उत्तरे दिली. त्या उत्तरांचा इतिहास हा या निबंधाचा विषय आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. प्राचीन भारतीय ग्रंथांतील हिऱ्याच्या आकारविषयक कल्पनांचा परामर्श घेणे.
२. विदर्भातील हिऱ्यांच्या उत्पादनाचे ऐतिहासिक संदर्भ तपासणे.
३. नासक हिऱ्याच्या बदलत्या आकारांच्या आधारे भारतीय व युरोपीय दृष्टिकोनांतील भेद स्पष्ट करणे.
४. अंगठीतील हिऱ्याच्या आजच्या निवडीमागील ऐतिहासिक व आर्थिक घटक समजून घेणे.

प्राचीन रत्नशास्त्रातील आकारविचार

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोशात घ्यावयाच्या रत्नांची परीक्षा सांगताना हिऱ्याचा स्वतंत्र विचार केलेला आहे. उत्तम हिरा मोठा, जड, आघात सहन करणारा, सम कोन असलेला, भांड्यावर ओरखडा उमटविणारा आणि तेजस्वी असावा, असे तेथे म्हटले आहे. ज्याचे कोन नष्ट झाले आहेत, कडा नाहीत किंवा जो एका बाजूस कललेला आहे, तो हिरा अप्रशस्त ठरविला आहे. येथे आकार हा सौंदर्याचा विषय नसून शुद्धतेचा पुरावा आहे. ज्याचे कोन शाबूत, तो स्फटिक अस्सल आणि अभंग, अशी ही विचारसरणी आहे.

हिऱ्याचा नैसर्गिक स्फटिक बहुधा अष्टफलक असतो. दोन चौरस मनोरे तळाशी तळ लावून जोडावेत तशी त्याची रचना असते. त्याला आठ फलक, सहा टोके आणि बारा कडा असतात. बुद्धभट्टाच्या रत्नपरीक्षेसारख्या ग्रंथांनी हीच संख्या आदर्श हिऱ्याचे लक्षण म्हणून नोंदविली आहे. आधुनिक स्फटिकशास्त्राच्या कितीतरी शतके आधी भारतीय रत्नपारख्यांनी ही भूमिती अचूक टिपली होती.

वराहमिहिराच्या बृहत्संहितेत (सहावे शतक) आकार आणि दैवत यांची सांगड घातलेली आढळते. षट्कोनी शुभ्र हिरा इंद्राचा, सर्पमुखासारखा काळा हिरा यमाचा, शिंगाड्याच्या आकाराचा अग्नीचा आणि यवाच्या म्हणजे सातूच्या दाण्याच्या आकाराचा वायूचा मानला गेला. याच प्रकरणात स्त्रियांनी हिरा धारण करण्याविषयीचे मतही नोंदविले आहे. पुत्राची इच्छा करणाऱ्या स्त्रियांनी हिरा मुळीच धारण करू नये, असे काही जाणकार मानतात; मात्र शिंगाडा, धण्याचा दाणा अशा विशिष्ट आकारांचे हिरे त्यांना शुभ होत, असे वराहमिहिराने सांगितले आहे. आजच्या वधूच्या बोटातील हिरा ज्या परंपरेचा भाग म्हणून सादर केला जातो, त्या परंपरेच्या एका प्रमुख ग्रंथात स्त्रीने हिरा घालावा की नाही याविषयीच मतभेद होता, हे येथे ध्यानात घेणे आवश्यक आहे.

अगस्तिमत या ग्रंथाच्या एका भागात आणखी महत्त्वाचा विचार येतो. शस्त्राने कापलेल्या किंवा वारंवार घासून घडविलेल्या रत्नाचे शुभगुण नाहीसे होतात, पूर्णतः नैसर्गिक असलेले रत्नच आपले गुण राखते, असे तेथे प्रतिपादन आहे. हा भाग मूळ ग्रंथात नंतर घातला गेला असावा, असे अभ्यासकांना वाटते. असे असेल तर त्याचे महत्त्व अधिकच वाढते. ज्या काळी हिरे घासण्याची कला रुजू लागली होती, त्या काळी तिला झालेल्या विरोधाचा तो पुरावा ठरतो. एवंच, प्राचीन भारतीय दृष्टीने हिऱ्याचा आकार माणसाने निवडावयाचा नव्हता, तर ओळखावयाचा होता.

विदर्भ : हिऱ्यांच्या उगमाचा प्रदेश

अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये खाणी सापडेपर्यंत जगाला हिऱ्यांचा पुरवठा प्रामुख्याने भारतातून होत असे. बोर्निओ बेटाचा वाटा अल्प होता. या संदर्भात गोवळकोंड्याचे नाव सर्वतोमुखी आहे. विदर्भाचे नाव मात्र मागे पडले. अर्थशास्त्रातील हिऱ्यांच्या उगमस्थानांच्या यादीत 'सभाराष्ट्र' हे नाव प्रथम येते आणि टीकाकाराने त्याचा अर्थ विदर्भ असा दिलेला आहे. बृहत्संहितेत वेणा नदीच्या तीरावरील हिरा विशुद्ध म्हटला असून ही वेणा म्हणजे वैनगंगा होय, असे मत काही अभ्यासकांनी मांडले आहे.

या उल्लेखांना भौगोलिक आधार देणारे ठिकाण म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातील वैरागड. घाटंजीपासून सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या आत असलेले हे गाव पूर्वी चांदा जिल्ह्यात मोडत असे. जुन्या मराठीत 'वैरागर' हा शब्द हिऱ्यांची खाण या अर्थी आढळतो. संस्कृतातील 'वज्राकर' या शब्दापासून तो आलेला असल्याने गावाच्या नावातच त्याचा व्यवसाय दडलेला आहे, असे म्हणता येते. अबुल फजलने ऐन-इ-अकबरीत वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना चांद्याच्या गोंड जमीनदाराचा आणि वैरागडच्या हिऱ्याच्या खाणीचा निर्देश केला आहे. त्याच्याही आधी, १४२५ च्या सुमारास, अहमदशहा बहमनीने गोंडवनाच्या अंकित असलेल्या 'कळम' येथील हिऱ्यांची खाण ताब्यात घेतल्याचे फिरिश्त्याने लिहिले आहे. यवतमाळ जिल्ह्यातील कळंब हे मोगलकाळी सरकारचे ठाणे होते, हे येथे स्मरणीय आहे. या भागातील खडक बहुतांशी दख्खनच्या काळ्या पाषाणाचा असून त्यात हिरे आढळत नाहीत. त्यामुळे फिरिश्त्याचा निर्देश पूर्वेकडील वैरागडच्या खाणीस उद्देशून असावा, असे मानणे सयुक्तिक ठरते.

या खाणी पुढे बंद पडल्या. ज्या प्रदेशात हिरा जमिनीतून निघत होता, त्याच प्रदेशात आज हिरा बाहेरून, प्रमाणपत्रासह आणि ठरावीक आकारात येतो. या बदलात आकार ठरविणारा कोण, हा प्रश्न कळीचा आहे.

वजनाचे राज्य : मोगल व मराठा काळ

सतराव्या शतकातील फ्रेंच जवाहिऱ्या झां बातिस्त ताव्हेर्निये याने भारतातील खाणींवर हिरे घासणारे कारागीर प्रत्यक्ष पाहिले. १६७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात तो नोंदवितो की, हिरा निर्दोष असेल तर भारतीय कारागीर त्याला चाकाचा केवळ स्पर्श करतात. वजन घटेल या भीतीने त्याला नवा आकार देण्याच्या भरीस पडत नाहीत. हिऱ्यात दोष असेल तर मात्र तो झाकण्यासाठी त्यावर अनेक पैलू पाडतात. म्हणजे युरोपात अधिक पैलू हे कौशल्याचे लक्षण ठरत असताना भारतातील जाणकार ग्राहकाला तेच शंकेचे कारण वाटत असे.

ताव्हेर्नियेनेच सांगितलेली होर्तेन्सियो बोर्जियो या व्हेनिसच्या कारागिराची हकिकत या दृष्टीने उद्बोधक आहे. मोगल दरबारातील एक प्रचंड हिरा त्याच्याकडे घडविण्यास दिला होता. नऊशे रतींहून अधिक वजनाचा तो खडा त्याने घासून सुमारे ३१९ रतींवर आणला. त्याला मजुरी मिळणे दूरच राहिले. उलट बादशहाने त्याच्याकडून दहा हजार रुपये दंड वसूल केला. आकारासाठी वजन घालविणे हा त्या व्यवस्थेत अपराध होता.

मराठी राज्यातही हिरा हा राजमान्यतेचा व संपत्तीचा निदर्शक होता. ६ जून १६७४ रोजी रायगडावर झालेल्या शिवराज्याभिषेकास इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन उपस्थित होता. दरबारात महाराजांना नजर करावयाची हिऱ्याची अंगठी त्याचा दुभाषी नारायण शेणवी याने उंच धरली आणि महाराजांचे तिकडे लक्ष गेले, असे ऑक्झिंडेनच्या वृत्तांतावरून कळते. मराठ्यांच्या इतिहासातील या प्रसिद्ध अंगठीचा संबंध विवाहाशी नसून राजनीतीशी होता. पेशवाईतील जवाहिरखान्यात हिरे शिरपेच, कुड्या, नथी आणि कंठ्यांत बसविले जात. पोलकी म्हणजे चपटा हिरा कोंदणात बसवून त्याखाली चकाकीसाठी पातळ पत्र्याचा 'डाक' देण्याची पद्धत होती. तेज वाढविण्यासाठी हिरा कापण्याऐवजी त्याच्या पाठीमागे प्रकाश परावर्तित करणारा पत्रा लावणे, हा या परंपरेने शोधलेला मार्ग होता. त्यात हिऱ्याचे वजन शाबूत राहत असे.

नासक हिरा : एका खड्याची तीन रूपे

आकारविषयक दोन दृष्टिकोनांचा संघर्ष नासक हिऱ्याच्या इतिहासात विशेष स्पष्टपणे दिसून येतो. परंपरेनुसार हा हिरा नाशिकजवळील त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानातील होता आणि 'नासक' हे नाव नाशिकचाच इंग्रजी अपभ्रंश होय. तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाच्या जवाहिरातून तो कॅप्टन जॉन ब्रिग्ज याच्यामार्फत ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेला आणि युद्धातील लूट म्हणून लंडनला पोहोचला. त्या वेळी त्याचे वजन ८९.७५ कॅरेट होते आणि घडण भारतीय पद्धतीची होती.

लंडनमधील रंडेल अँड ब्रिज या जवाहिऱ्यांनी तो विकत घेऊन पुन्हा घासून घेतला. या वेळी मूळ भारतीय घडणीच्या रेषा शक्य तेवढ्या सांभाळण्याचे धोरण होते. परिणामी वजन ८०.५९ कॅरेटवर आले, म्हणजे सुमारे दहा टक्के घट झाली. १८३७ मध्ये तो वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसकडे गेला आणि त्याच्या तलवारीच्या मुठीत बसविला गेला. विसाव्या शतकात हिरा पॅरिसच्या जवाहिऱ्याकडे गेला. पुढे तो अमेरिकेत आयात करताना 'कलात्मक पुरावस्तू' म्हणून करमुक्त मानावा काय, हा वाद तेथील न्यायालयात गेला आणि अपील न्यायालयाने तो दर्जा नाकारला. देवस्थान, पेशवाई आणि युद्ध यांचा साक्षीदार असलेला हा खडा कायद्याच्या दृष्टीने दागिन्यात बसविण्याजोगा एक हिरा ठरला.

या निर्णयातील दृष्टीची परिणती १९४० मध्ये दिसली. न्यूयॉर्कचा जवाहिऱ्या हॅरी विन्स्टन याने हिरा विकत घेऊन त्याला आयताकृती, पायऱ्यांसारख्या पैलूंच्या 'एमराल्ड' घडणीत कापले. वजन ४३.३८ कॅरेट उरले. १९४४ मध्ये न्यूयॉर्कच्या श्रीमती विल्यम लीड्स यांना लग्नाच्या सहाव्या वाढदिवसाची भेट म्हणून तो मिळाला आणि त्यांनी तो अंगठीत घातला. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला पाच लाख डॉलर किंमत आली.

देवस्थानातून तलवारीच्या मुठीत आणि तेथून अंगठीत असा हा प्रवास आहे. प्रत्येक टप्प्यावर हिऱ्याचे वजन घटले आणि शेवटी निम्म्याहून कमी भाग उरला. आजचा नासक हा निर्दोष व देखणा हिरा आहे, यात संशय नाही. परंतु मराठी कारागिराने किंवा भक्ताने पाहिलेला नासक आता अस्तित्वात नाही. तो परत आणण्याची मागणी जरी मान्य झाली, तरी परत येणारी वस्तू १९४० मध्ये न्यूयॉर्कमध्ये घडलेली असेल. लूट केवळ मालकीची होत नाही, रूपाचीही होते, हे या उदाहरणावरून सिद्ध होते. कोहिनूरची कथा याहून वेगळी नाही. १८५१ च्या लंडनमधील प्रदर्शनात त्याचे तेज प्रेक्षकांना फिके वाटले आणि १८५२ मध्ये तो नव्याने कापण्यात आला. त्याचे चाळीस टक्क्यांहून अधिक वजन या कामी खर्ची पडले.

प्रकाशाचे गणित आणि गोल आकाराचे वर्चस्व

युरोपीय कारागिरांनी वजनाऐवजी प्रकाशाला प्राधान्य का दिले, याचे उत्तर हिऱ्याच्या गुणधर्मात आहे. हिऱ्याचा अपवर्तनांक सुमारे २.४२ असून त्यामुळे आत शिरलेला प्रकाश साधारण २४.४ अंशांपेक्षा अधिक कोनाने पृष्ठावर आदळला तर बाहेर न पडता पूर्णपणे परावर्तित होतो. खालच्या पैलूंचे कोन योग्य असतील तर वरून आलेला प्रकाश आत फिरून पुन्हा वरच बाहेर येतो. हे कोन चुकले तर तो तळातून निसटतो आणि हिरा निस्तेज दिसतो. मार्सेल टोल्कोव्स्की याने १९१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'डायमंड डिझाइन' या पुस्तकात हे गणित मांडले. खालच्या भागाचा ४०.७५ अंश आणि वरच्या भागाचा ३४.५ अंश हे त्याने सुचविलेले कोन पुढे गोल 'ब्रिलियंट' घडणीचे मानदंड झाले.

तथापि गोल आकाराचा विजय केवळ गणिताने झाला नाही. १८६७ नंतर दक्षिण आफ्रिकेत हिऱ्यांचे विपुल साठे सापडले. कच्चा माल मुबलक झाल्याने वजन घालविणे परवडू लागले. १९०० च्या सुमारास यांत्रिक करवत आणि खडा गोल करणारे यंत्र वापरात आले. अष्टफलक स्फटिकाचे कोपरे उडवल्याशिवाय गोल आकार मिळत नाही, त्यामुळे गोल हिऱ्यासाठी कच्च्या खड्याचा बहुधा निम्म्याहून अधिक भाग जातो. चौकोनी 'प्रिन्सेस' आकारात कोपरे राखता येत असल्याने घट कमी होते. समान वजनाचा व दर्जाचा गोल हिरा चौकोनी हिऱ्यापेक्षा सामान्यतः महाग पडतो, त्यामागे मागणीबरोबर ही घटही आहे. ज्या कोनांना कौटिल्याने उत्तम हिऱ्याचे लक्षण मानले, ते कोन काढून टाकण्यासाठी आज ग्राहक जादा किंमत देतो.

विवाहनिश्चय आणि हिरा : एका प्रथेची घडण

हिऱ्याच्या निश्चय-अंगठीच्या इतिहासात ऑस्ट्रियाचा आर्चड्यूक मॅक्सिमिलियन आणि बर्गंडीची मेरी यांच्या १४७७ च्या विवाहाचे उदाहरण नेहमी दिले जाते. परंतु ही राजघराण्यातील घटना होती. सर्वसामान्य वर्गात ही प्रथा रुजली ती विसाव्या शतकात. डी बीयर्स कंपनीची स्थापना १८८८ मध्ये झाली आणि तिने जगातील हिऱ्यांच्या पुरवठ्यावर दीर्घकाळ नियंत्रण ठेवले. महामंदीनंतर घटलेली मागणी सावरण्यासाठी कंपनीने १९३८ मध्ये एन. डब्ल्यू. एयर या अमेरिकन जाहिरात संस्थेशी करार केला. या संस्थेतील फ्रान्सिस गेरेटी यांनी १९४७ मध्ये हिरा चिरंतन असल्याचे सांगणारे सुप्रसिद्ध घोषवाक्य लिहिले. प्रेमाच्या चिरंतनतेशी हिऱ्याचे नाते जोडले गेल्याने दुहेरी लाभ झाला : नवा हिरा विकत घेतला जाऊ लागला आणि जुना बाजारात विकावयास येईनासा झाला.

आकारांची विविधताही याच शतकातील आहे. जोसेफ आशेर याने १९०२ मध्ये त्याच्या नावाने ओळखली जाणारी चौरस घडण सिद्ध केली. हेन्री ग्रॉसबार्ड याची 'रेडियंट' घडण १९७७ ची आणि आजची 'प्रिन्सेस' घडण १९८० च्या सुमाराची आहे. पारंपरिक म्हणून दाखविले जाणारे काही आकार अशा रीतीने अर्ध्या शतकाइतकेही जुने नाहीत. निमुळता मार्कीज आकार पाहून वराहमिहिराच्या यवाकार हिऱ्याची आठवण होते, परंतु हे साम्य वरवरचे आहे. एक आकार स्फटिकाला उपजत लाभलेला, तर दुसरा यंत्रावर घडविलेला.

भारतात या बदलाचा एक पैलू अधिक महत्त्वाचा आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरत हे हिरे घासण्याचे जागतिक केंद्र बनले आणि आज संख्येच्या दृष्टीने जगातील बहुसंख्य हिऱ्यांना पैलू पाडण्याचे काम भारतात होते. ज्या भूमीने आपले खडे कापू दिले नाहीत, ती भूमी आता जगाचे खडे कापते. मात्र आकार व त्यांचे मानदंड बहुतांशी अन्यत्र ठरतात.

स्थानिक संदर्भ आणि निवडीचा प्रश्न

घाटंजी, आर्णी, पांढरकवडा या परिसरातील कुटुंबांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ अभिरुचीचा राहत नाही. कापसाच्या भावावर आणि पावसावर अवलंबून असलेल्या या भागातील कृषिसंकटाची दखल घेऊन २००६ मध्ये केंद्र शासनाने विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केले, त्यांत यवतमाळचा समावेश होता. विवाहखर्च हा ग्रामीण कर्जबाजारीपणाच्या चर्चेत वारंवार येणारा विषय आहे. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक विवाहपद्धतीने आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या प्रबोधनाने विवाहातील उधळपट्टीला विरोध केला. या पार्श्वभूमीवर साक्षगंधात नव्याने येणारी प्रत्येक वस्तू लवकरच सक्तीची होते, हा सामाजिक अनुभव दुर्लक्षिता येत नाही.

सोने आणि हिरा यांतील आर्थिक भेदही येथे निर्णायक आहे. विदर्भातील शेतकरी कुटुंबात सोने हे अडीअडचणीचे धन मानले जाते. पेरणीच्या वेळी ते गहाण पडते आणि पीक हाती आल्यावर सोडविले जाते. सोन्याचा भाव वजनावर व शुद्धतेवर ठरतो. हिऱ्याची किंमत मात्र वजन, रंग, स्वच्छता, घडण आणि आकार यांच्या संयोगाने ठरते, आणि परत विकताना मूळ किंमत मिळणे कठीण असते. प्रयोगशाळेत तयार झालेल्या हिऱ्यांमुळे हा भेद वाढला आहे. रासायनिक रचनेने हे हिरेच असतात. परंतु उत्पादन वाढल्याने त्यांच्या किमती मोठ्या प्रमाणात उतरल्या. भारत शासनाने २०२३ च्या अर्थसंकल्पात या क्षेत्रातील संशोधनासाठी एका आयआयटीस पाच वर्षांचे अनुदान जाहीर केले.

निवड करावयाचीच असेल तर इतिहासातून काही व्यवहार्य सूत्रे हाती येतात. प्रकाशाला महत्त्व द्यावयाचे असल्यास गोल आकार उपयुक्त, मात्र त्यात कच्च्या खड्याच्या घटीची किंमत अंतर्भूत असते. लंबगोल आणि मार्कीज हे आकार समान वजनात बोटावर मोठे दिसतात. चौकोनी आकाराचे कोपरे आणि थेंबाच्या आकाराचे टोक आघाताने तुटण्याचा संभव असतो. हिरा कठीण असला तरी तो अष्टफलकाच्या पृष्ठांना समांतर दिशांत चिरला जाऊ शकतो. शेतात व घरात हाताने कष्ट करणाऱ्या स्त्रीच्या अंगठीत उंच उचललेल्या खड्यापेक्षा चहूबाजूंनी धातूने वेढलेले जुने कोंदण अधिक सुरक्षित ठरते. पूर्वजांची ही रचना केवळ शोभेची नव्हती, याची येथे प्रचिती येते.

निष्कर्ष

१. हिऱ्याच्या अंगठीतील आकार हा नैसर्गिक किंवा सनातन नसून लक्षण, वजन, प्रकाश आणि बाजारपेठ या निकषांच्या क्रमिक प्रभावातून घडलेला आहे.

२. प्राचीन भारतीय रत्नशास्त्राने अभंग अष्टफलकास आदर्श मानले. आधुनिक गोल घडण ही त्या आदर्शाचे सातत्य नसून त्यापासून झालेली फारकत आहे.

३. विदर्भ हा वैरागडच्या खाणीमुळे हिऱ्यांच्या उगमाचा प्रदेश होता. आज तो इतरत्र घडलेल्या हिऱ्यांचा ग्राहक आहे. या स्थित्यंतराची स्थानिक इतिहासलेखनात पुरेशी नोंद होणे आवश्यक आहे. जुन्या सराफी पेढ्यांच्या वह्या हे त्यासाठी महत्त्वाचे साधन ठरू शकते.

४. नासक हिऱ्याच्या उदाहरणावरून असे दिसते की, वस्तूचा आकार बदलणे म्हणजे तिच्या इतिहासाचा एक भाग कायमचा नष्ट करणे होय. वारसा परत मिळविण्याच्या चर्चेत या हानीचाही विचार व्हावयास हवा.

५. साक्षगंधाच्या मूळ कल्पनेत शब्द आणि साक्ष यांना स्थान आहे, हिऱ्याला नाही. हिऱ्याशिवाय झालेले साक्षगंध परंपरेच्या कोणत्याही कसोटीवर उणे ठरत नाही. ज्या कुटुंबाला हिरा घ्यावयाचा आहे त्याने आकारामागील कारणे जाणून तो घ्यावा. ज्याला घ्यावयाचा नाही त्याच्यावर परंपरेच्या नावाने दडपण आणण्यास इतिहासात आधार नाही.